बोदोनी वळणाचा फॉन्ट मथळ्यात देखणा, लहान मापात तुटतो. उपाय?

अक्षरवेल: मासिकाच्या इंग्रजी पानांसाठी बोदोनी वळणाचा (जाड उभे दांडे, अगदी बारीक आडव्या रेषा) फॉन्ट घेतलाय. ७२ पॉइंटच्या मथळ्यात सुरेख दिसतो. तोच उपमथळ्याला १४ आणि फोटोओळीला ८ पॉइंटला लावला की बारीक रेषा उडतात, 'ई'चा 'सी' वाचला जातो. गडद फोटोवर पांढरी अक्षरं तर आणखी वाईट. वजन मीडियम करूनही फरक नाही. छपाई ऑफसेटवर आहे.

जुळारी: मीडियमने फरक पडणारच नाही. या घराण्यात वजन वाढवलं की मुख्यतः उभे दांडे जाड होतात, बारीक रेषा जवळपास तेवढीच राहते.

फॉन्ट एडिटरमध्ये 'ई'ची आडवी रेषा मोजा. समजा फॉन्टच्या मापाचे १००० एकक धरले, तर ती २० आहे. म्हणजे ७२ पॉइंटला १.४४ पॉइंट, १४ ला ०.२८ आणि ८ ला फक्त ०.१६. ऑफसेटला साधारण ०.२५ पॉइंट ही खालची हद्द धरा. उलट्या, म्हणजे पांढऱ्या अक्षरांना ०.५. त्या हिशोबाने हा फॉन्ट पांढऱ्यावर काळा १२.५ पॉइंटपर्यंत आणि उलटा २५ पॉइंटपर्यंतच खाली न्यावा. तुमचे १४ पॉइंट अगदी काठावर आहेत.

जुन्या छपाईत धातूच्या खिळ्यांसाठी (सुट्या अक्षरांसाठी) प्रत्येक मापाचा ठसा वेगळा कापत, त्यामुळे लहान मापात बारीक रेषा प्रमाणाने जाड ठेवता यायची. आता एकच आराखडा लहान-मोठा होतो. म्हणून ऑप्टिकल मापं, म्हणजे लहान-मोठ्या मापांसाठी वेगवेगळे आराखडे, असलेला फॉन्ट घ्या. होफ्लरच्या दिदो या फॉन्टमध्ये ६ ते ९६ अशी सात मापं आहेत. फुकटात हवा तर बोदोनी मोडा, त्यात ६ ते ९६ असा सलग अक्ष आहे, म्हणजे मधलं कुठलंही माप निवडता येतं. प्लेफेअर डिस्प्ले हा फॉन्ट मात्र नावाप्रमाणे (डिस्प्ले म्हणजे मोठ्या मापासाठीचा) मथळ्याचाच.

शाईरेषा: उलट्या अक्षरांत शाई चहूबाजूंनी आत पसरते, शिवाय चार रंगांतला एक जरी किंचित सरकला तरी ती पांढरी फट बुजते. शक्य असेल तिथे अक्षरांखाली एकाच शाईचा गडद पट्टा द्या. काळा मजकूर १०० टक्के काळ्या शाईतच ठेवा. राखाडी छटा नकोच: छटेचे ठिपके पडतात आणि बारीक रेषेची कड करवतीसारखी होते.

अक्षरवेल: आभार. बोदोनी मोडा वेबवरही वापरायचा आहे. तिथे माप आपोआप बदलेल ना?

जुळारी: अक्ष फाइलमध्ये असेल तरच. गूगल फॉन्ट्सच्या दुव्यात ऑप्टिकल मापाची पूर्ण कक्षा मागावी लागते. नाहीतर एकच माप येतं आणि ब्राउझर काही करू शकत नाही. २० एककांची रेषा १६ पिक्सेलला ०.३२ पिक्सेल होते, म्हणून साध्या पडद्यावर ती फिकट राखाडी दिसते.

ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) मथळ्याला उणे १० ते उणे २०, उपमथळ्याला शून्य किंवा अधिक ५. फोटोओळीसाठी मात्र मी बोदोनीचं लहान मापही घेणार नाही. एकसारख्या उभ्या दांड्यांचं कुंपण ८ पॉइंटला डोळ्यांना टोचतं. तिथे जाड-बारीक रेषांत कमी फरक असलेला साधा सेरिफ (रेषांच्या टोकांना छोटे पाय असलेला) फॉन्ट लावा.