घरातला तुमचा कोपरा कोणता?

आपल्याकडे मुलांना स्वतःची खोली क्वचितच मिळायची. पण कुणाचा पोटमाळा असायचा, कुणाची जिन्याखालची अडगळ, कुणाची कणगीमागची फट. तिथे बसून मनात काय काय रचलंत ते लिहा. घर आज उभं नसेल तर आवर्जून लिहा.

वरळी: बीडीडी चाळ, १६० चौरस फुटांची खोली. पोटमाळ्यावर गणपतीचं मखर आणि गाद्या, त्यांच्यामध्ये मी मावेन एवढी पोकळी. खालची माणसं दिसायची नाहीत, नुसती ऐकू यायची. भांडी कोण आपटतंय, कुणाचा आवाज रडवेला झालाय, सगळं कळायचं. पुढे एकांकिका लिहायला लागलो, तर पात्रांचे चेहरे सुचेनात, आधी आवाजच यायचे. अजूनही तसंच होतं. आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर आहे. आईला या वयात सामायिक संडासाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, याचा आनंद फार मोठा आहे. पोटमाळा आठवतो, पण त्यासाठी चाळ राहायला हवी होती असं मी म्हणणार नाही.

किल्लारी परिसर: आमचं माळवदाचं घर. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि मातीचा थर, मधोमध सवणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. त्यातून पडणारा कवडसा उतरंडीपाशी आला की आजी भाकरी थापायला बसायची. त्या उजेडात उडणारी धूळ म्हणजे माझी फौज. हत्ती, घोडे, उंट, सगळं त्यात होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घर बसलं. विसर्जनाची रात्र होती, माणसं नुकती निजली होती. आजी त्यात गेली. ज्या छतातून उजेड यायचा तेच अंगावर आलं, म्हणून आई कितीतरी दिवस छपराखाली झोपायला तयार नव्हती. पुनर्वसनातल्या घराला खिडक्या आहेत, उजेड भरपूर आहे. मी चित्रं काढते. माझ्या चित्रांत उजेड नेहमी वरून येतो, बाजूने येतच नाही.

राजापूर: सवण्याचं वाचून आमच्या माळ्यावरचं काचेचं कौल आठवलं. खाली पेंढ्यात आंब्याची अढी. त्या वासात वाचलेल्या सगळ्या गोष्टी मला अजून मे महिन्यातल्याच वाटतात.

सातारा: इथे सगळ्यांना कोपरे होते, मला नव्हता. माहेरी धाकट्या भावंडांमागे, सासरी चुलीपुढे. स्वतःची म्हणावी अशी जागा एकदाच मिळाली, बाळंतिणीची खोली. अंधारी, ओवा-बाळंतशोपांच्या धुरीने भरलेली. सव्वा महिना कुणी कामाला हाक मारली नाही. शेजारी लेक. तिला काही कळत नव्हतं, म्हणून मी मनाला येईल ते सांगायचे. एक राणी होती, ती विहिरीत उतरली आणि तळाशी तिला बाजार लागला. तीच गोष्ट आता नातीला सांगते. तिच्या हट्टाने बाजारात विमानतळही झालाय, आणि राणी अजून वर आलेली नाही. तिला तिथे करमतंय.