जुनी ५० मिमी एफ/१.४ छोट्या मिररलेसवर : दुधाळ पडदा, हुकणारा फोकस आणि चुकीची अनंताची खूण

काठपट यांचा प्रश्न :

मंडळी, कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी (पूर्ण फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, सोनी ई-माउंट. त्यावर एम४२ आट्यांची सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ लावली आहे. मधला अ‍ॅडॅप्टर साधा, काच नसलेला. लेन्सच्या रिंगा लोण्यासारख्या फिरतात आणि एफ/४ ला येणारं चित्र सुरेख आहे. पण काही गोष्टी उलगडत नाहीत.

एफ/१.४ वर, म्हणजे अपर्चर (प्रकाश आत येणारं छिद्र) पूर्ण उघडं असताना, सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा येतो. एफ/१६ वर, म्हणजे ते बारीक केल्यावर, नेमका मध्यभागी फिकट गोल डाग दिसतो. पीकिंगचे (फोकसमधला भाग दाखवणारे) रंगीत ठिपके डोळ्यावर असतात, प्रत्यक्षात मात्र कानाची पाळी धारदार येते. लांबच्या डोंगराचा फोकस रिंगेवरच्या अनंताच्या (∞) खुणेच्या आधीच लागतो, आणि खुणेवर नेलं की डोंगर धूसर. शिवाय काच चहाच्या रंगाची झाली आहे.

आणि हिला 'स्टँडर्ड' म्हणतात, तर खोलीत बसलेल्या माणसाचा फोटो काढायला पाठ भिंतीला का टेकवावी लागते? लेन्समध्ये दोष आहे की माझ्या वापरण्यात?

---

पातंसहा :

शेवटचा प्रश्न आधी, कारण बाकीची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

५० मिमी स्टँडर्ड ठरली ती ३६ × २४ मिमीच्या फ्रेमसाठी. त्या फ्रेमचा कर्ण ४३.३ मिमी, म्हणजे काटेकोर हिशोबाने स्टँडर्ड ४३ च्या आसपास हवी. १९२५ च्या लायकाला ५० मिमी एफ/३.५ लेन्स होती आणि पुढे तोच आकडा सगळ्यांनी उचलला. तुमच्या सेन्सरचा कर्ण साधारण २८ मिमी. त्यामुळे कर्णावरचा दृष्टिकोन जवळजवळ ४७ अंशांवरून ३१-३२ अंशांवर येतो आणि लेन्स ७५ मिमीसारखी वागते. तिच्याकडे छोटी पोर्ट्रेट लेन्स म्हणून बघा, पाठीला भिंत लागणं थांबेल. निदान त्याचं वाईट वाटणं तरी थांबेल.

आता यातला फायदा. या जातीच्या लेन्स डबल गाउस रचनेच्या (अपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी भिंगं) असतात. (या रचनेची मूळ लेन्स प्लानार १८९६ मधली, पण तेव्हा कोटिंग नव्हतं आणि इतक्या पृष्ठभागांवर प्रकाश सांडायचा, म्हणून ती रचना मागे पडली होती.) या रचनेचं दुखणं कडांना असतं : कोपऱ्यातले दिवे पक्ष्याच्या पंखासारखे ओढले जातात, फोकसचं प्रतल वाकतं. तुमचा सेन्सर फक्त मधला भाग घेतो, कोपरे वाटेतच गळतात.

फुकट मात्र काही मिळत नाही. एपीएस-सीवरचे २४ मेगापिक्सेल म्हणजे तीच घनता पूर्ण फ्रेमवर पसरली तर सुमारे ५५ मेगापिक्सेल. फिल्मच्या दाण्यात जे लपायचं ते इथे शंभर टक्के झूमवर उघडं पडतं. एफ/१.४ वरचा तुमचा पडदा बहुधा गोलीय विपथन आहे : भिंगाच्या कडेने आलेले किरण मधल्या किरणांपेक्षा जरा अलीकडे जुळतात. त्याची ओळख सोपी आहे. पापणी मोठी करून बघा. आत धारदार रेघ आणि भोवती प्रभावळ असेल तर विपथन. रेघच नसेल तर फोकस हुकलाय.

---

तिरपाउजेड :

वरच्याला पूर्ण +१, पण 'बहुधा' वर थांबू नका, तपासा. कॅमेरा तिपाईवर, छापील मजकुरावर फोकस, आणि एकच दृश्य १.४, २, २.८, ५.६ वर. विपथनाची प्रभावळ एफ/२ ला बरीचशी आणि २.८ ला जवळजवळ संपते. ५.६ वरही पडदा तसाच राहिला तर कारण वेगळं : आतल्या भिंगावर तेलकट वाफेचा थर, बुरशी, नाहीतर अ‍ॅडॅप्टरमधली चमक.

थर बघायची रीत : लेन्स काढा, अपर्चर पूर्ण उघडं, मागच्या बाजूने टॉर्च तिरकी मारा आणि पुढून बघा. टॉर्च सरळ मारली तर कुठलीही जुनी लेन्स घाण दिसते, घाबरू नका. धुळीचे कण सोडून द्या, चित्रात ते येत नाहीत. श्वास सोडल्यासारखा एकसंध धुरकटपणा किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर मात्र लेन्स उघडून साफ करावी लागेल.

टॉर्च हातात आहे तोवर अपर्चरची पातीही बघा. त्यावर तेल असेल तर जुन्या एसएलआरवर ती सुस्त होऊन फोटो जास्त उजळ यायचे. तुमच्याकडे पाती आधीच बंद करून शटर दाबता, त्यामुळे सुस्तीने बिघडत नाही. म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण तेच तेल उडून शेजारच्या भिंगांवर बसतं आणि पडदा तयार होतो.

एफ/१६ चा डाग : सेन्सरवरची काच आरशासारखी असते. तिच्यावरून उलटलेला प्रकाश लेन्सच्या मागच्या भिंगावर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो. फिल्म इतकी चकचकीत नव्हती, त्यामुळे तेव्हा कोणी याची काळजी केली नाही. अपर्चर जितकं बारीक तितका डाग ठळक. एफ/८ च्या पुढे जाऊच नका. तसंही या सेन्सरवर ११ नंतर विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) धार बोथट होत जाते.

उन्हात उलटी अडचण येते. आयएसओ १०० ला कडक उन्हात एफ/१६ वर शटर साधारण १/१०० येतो. तोच हिशोब १.४ वर सात स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट) पुढे, म्हणजे १/१२८०० च्या घरात जातो. मेकॅनिकल शटर १/४००० ला थांबत असेल तर दोन स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावा, काम भागतं. पुढचे आटे ४९ मिमीचे आहेत.

---

खटका :

फोकस आणि अनंत माझ्याकडून.

एम४२ लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी. ई-माउंटचं १८. म्हणजे अ‍ॅडॅप्टर २७.४६ मिमी जाड हवा. बनवणारे मुद्दाम किंचित पातळ ठेवतात, कारण जाड झाला तर अनंत कधीच लागणार नाही आणि गिऱ्हाईक परत करेल. ५० मिमीच्या लेन्सला ०.१ मिमी फरक म्हणजे किती? फोकल लेंथचा वर्ग भागिले फरक : २५०० ÷ ०.१ = २५००० मिमी, म्हणजे २५ मीटर. तुमचा अ‍ॅडॅप्टर एवढा पातळ असेल तर २५ मीटरच्या जागेवरच डोंगर धारदार होतो आणि खूण त्याच्या पुढे निघून जाते. दोष नाही. खुणेवर विसंबू नका, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून लावा. खूण जुळवायचीच असेल तर अ‍ॅडॅप्टरच्या जोडाखाली पातळ शिम (जाडी वाढवणाऱ्या चकत्या) घालता येतात, पण जास्त झाली तर अनंतच जाईल. मी तरी हात लावणार नाही.

आता कानाची पाळी. आकडे बघा, म्हणजे पीकिंगवरचा विश्वास आपोआप उडेल. एपीएस-सीवर एफ/१.४ ला १ मीटरवर धारदार पट्टा जेमतेम २ सेंमी. लेन्सच्या सर्वात जवळच्या ४५ सेंमीवर ४ मिमी. डोळा ते कान हे अंतर याच्या कितीतरी पट आहे. आणि पीकिंग फक्त कॉन्ट्रास्ट मोजतं : केस, चष्म्याची दांडी, कानातली रिंग त्याला डोळ्यापेक्षा जास्त आवडते. शिवाय प्रभावळ असली की ठिपके उगाच पसरतात.

असं करा :

पीकिंगची पातळी 'लो', रंग लाल. रॉमध्ये (कच्च्या फाइलीत) शूट करत असाल तर डिस्प्लेसाठी कृष्णधवल शैली निवडा, करड्या चित्रावर लाल ठिपके उठून दिसतात आणि रॉमधला रंग शाबूत राहतो. पीकिंगने फक्त अंदाज घ्या. मग मॅग्निफाय एका बटणावर लावून बुबुळ मोठं करा. रिंग फोकसच्या जरा पुढे न्या, परत मागे आणा, आणि प्रभावळीतून पापणीची रेघ वर येते तिथे थांबा. त्यानंतर मॅग्निफाय बंद करून फ्रेम जुळवण्यात वेळ घालवला तर अंग २ सेंमी डोलतंच. म्हणून फ्रेम आधी, फोकस नंतर, आणि लगेच तीन फोटो सलग.

एक गोष्ट बरेच जण चुकतात : १.४ वर फोकस करून मग २.८ ला बंद करणं. गोलीय विपथन असलेल्या लेन्समध्ये अपर्चर बंद करताच फोकस सरकतो, सहसा मागे. तुमच्या कानाच्या पाळीचं एक कारण हेही असू शकतं. ज्या अपर्चरवर फोटो काढायचा त्यावरच फोकस करा.

लेन्सच्या बाजूला ऑटो/मॅन्युअलची खिट्टी आहे. अ‍ॅडॅप्टरच्या आत कडा असेल तर ती लेन्सची पिन कायम दाबून धरते, मग खिट्टी कुठेही चालते. कडा नसेल आणि खिट्टी ऑटोवर असेल तर रिंग कितीही फिरवा, पाती उघडीच राहतात.

मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' चालू हवं हे तुम्ही केलंच असणार. बॉडीत स्थिरीकरण असेल तर फोकल लेंथ हाताने ५० भरा. ७५ भरू नका, क्रॉपचा (लहान सेन्सरचा) हिशोब कॅमेरा स्वतः करतो. स्थिरीकरण नसेल तर शटर किमान १/१६०.

---

भिंगरी :

पिवळेपणाबद्दल कोणीच बोललं नाही. सात भिंगांच्या टाकुमार ५०/१.४ मध्ये मागच्या भागातल्या काचेत थोरियम आहे. त्याने काचेचा वक्रीभवनांक वाढतो, पण किरणोत्साराने वर्षानुवर्षांत काच तपकिरी होते. रंगीत फोटोत व्हाइट बॅलन्सने भागतं, फक्त थोडा प्रकाश कमी पडतो. कृष्णधवलात तर फिकट पिवळा फिल्टर आयता मिळतो. कॅमेऱ्यावर लावून वापरायला चिंता नाही, फक्त ती काच फोडू-घासू नका.

उतरवायचा असेल तर अतिनील एलईडी दिवा. दोन्ही झाकणं काढा, मागचं भिंग दिव्याकडे, खाली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, अपर्चर उघडं. काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. रोज पांढऱ्या कागदावर धरून रंग बघा. दिवा गरम होणारा नको, नाहीतर ग्रीस पातळ होऊन पातींवर येईल, वर तिरपाउजेड यांनी सांगितलेली कटकट सुरू. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. खिडकीत उन्हात ठेवायचा सल्ला जागोजागी दिसतो. ती लेन्स सूर्याचं भिंग होऊन खिडकीचा पडदा पेटवू शकते, हे सांगायचं मात्र राहून जातं.

आणि जागेची अडचण खरंच सोसत नसेल तर ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर (चित्र आकसून सेन्सरवर आणणारा, भिंगं असलेला जोड) मिळतो. ५० ची ३५.५ होते, क्रॉप धरून ५३ सारखी, आणि १.४ चं अपर्चर १.० च्या जवळ.

---

पातंसहा :

भिंगरी, रिड्यूसरला माझा विरोध. गळालेले कोपरे तो ओढून परत आत आणतो, आणि मध्ये चार-पाच भिंगं अनोळखी कारखान्याची. मग ही लेन्स लावण्यात उरलं काय? खोलीसाठी २८ किंवा ३५ ची वेगळी लेन्स बरी.

---

काठपट :

तपासलं. ५.६ वर मजकूर स्वच्छ, टॉर्चखाली लेन्सही स्वच्छ, पातींवर तेल नाही. म्हणजे १.४ चा पडदा विपथनाचाच. २.८ वर फोकस करून २.८ वरच काढल्यावर पाच पैकी चार वेळा डोळा लागला.

एक नवीन : आकाश फ्रेमच्या जरा बाहेर असलं की एफ/४ वरही वरच्या बाजूने फिकट धूर उतरतो. आकाश फ्रेममध्ये घेतलं तर उलट कमी!

---

तिरपाउजेड :

हा अ‍ॅडॅप्टर. लेन्स ४३ मिमी व्यासाचं प्रकाशवर्तुळ टाकते, सेन्सर त्यातलं २८ मिमी घेतो. उरलेला प्रकाश नळीच्या भिंतींवर पडतो. फ्रेमबाहेरचं आकाश नेमकं तिथेच आपटतं. लेन्स काढून नुसता अ‍ॅडॅप्टर खिडकीकडे धरा आणि तिरका बघा. आत चंद्रकोरीसारखी चमक दिसली की चोर सापडला.

आतून काळं मखमली फ्लॉक पेपर चिकटवा. आतला व्यास कॅलिपरने मोजून ३.१४ ने गुणा : ३९ मिमी असेल तर पट्टी १२२ मिमी लांब. रुंदी अशी ठेवा की पिन दाबणारी कडा आणि माउंटची पाती मोकळी राहतील. कापल्यावर कडेचे सुटे धागे चिकटपट्टीने उचलून टाका, नाहीतर ते सेन्सरवर जाऊन बसतील. चिकटवण्याआधी नळी अल्कोहोलने पुसा, तेलकट धातूवर कागद महिनाभरात सुटतो.

आणि हूड. ५० साठीचा आखूड हूड पूर्ण फ्रेमच्या कोपऱ्यांसाठी कापलेला असतो. तुम्हाला ४९ मिमी आट्यांचा, टेलीसाठीचा खोल हूड चालेल. लावून एफ/८ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. कोपरे काळवंडले नाहीत तर आणखी खोल घ्या.