मदत हवी आहे: मळ्यातल्या कामांसाठी लोखंड कापायचा ग्राइंडर कोणता घ्यावा? बजेट ३५०० रुपये

नमस्कार मंडळी,

मी तासगावजवळ मळ्यात राहतो. नोकरी शिक्षकाची, घरची दीड एकर द्राक्षबाग. मांडवाचे जुने अँगल कापणं, बेदाणा शेडच्या रॅक दुरुस्त करणं, फाटकाची कडी, खुरप्यांना धार, असली कामं सुट्टीच्या दिवशी मी स्वतःच करतो. हातानं काहीतरी घडवायची आवड लहानपणापासून आहे. शेडाच्या एका कोपऱ्यात टेबल आणि व्हाइस लावून छोटं वर्कशॉप केलंय.

आजवर शेजारच्या काकांचा ग्राइंडर मागून आणायचो. गेल्या महिन्यात जे घडलं त्यानंतर तो पुन्हा मागायचा नाही असं ठरवलं.

दुपारी ४० बाय ४०चा, ५ एमएम जाडीचा अँगल कापत होतो. निम्म्यात लाइट गेली. मशीन तसंच टेबलावर ठेवलं आणि सोप्यात जाऊन चहा घेत बसलो. त्याचं बटन सरकवायचं आहे, पुढं ढकललं की खटक्यात अडकून राहतं. ते मागं घ्यायचं राहून गेलं. पंधरा-वीस मिनिटांनी लाइट आली आणि शेडातून आवाज आला. पळत गेलो तर मशीन टेबलावरून खाली पडलेलं आणि फरशीवर गरगर फिरतंय. फिरता फिरता त्यानं स्वतःचीच वायर कापली, तेव्हा थांबलं. माझी सहा वर्षांची मुलगी शेडाच्या दारात उभी होती. मध्ये चार-पाच फुटांचं अंतर. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

काकांना नवी वायर बसवून मशीन परत केलं आणि झालेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आरं, बटन बंद करून ठेवायचं असतंय की." बरोबर आहे, चूक माझीच. पण आमच्या मळ्यात लाइट दिवसातून चारदा जाते-येते. माणूस कधीतरी विसरणारच. मला असं मशीन हवंय की मी विसरलो तरी ते आपोआप सुरू होणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या मशीनला गार्ड, म्हणजे डिस्कवरचं संरक्षक झाकण, नव्हता. "गार्ड काढल्याशिवाय आत हात पोचत नाही" असं सगळेच म्हणतात आणि बहुतेकांनी काढूनच टाकलेला असतो. मला गार्डसकट काम शिकायचंय.

आता प्रश्न. माझ्या कामाला ४ इंची डिस्कचं मशीन पुरेल का, की ५ इंची घेऊ? कापायचं लोखंड बहुतेक ६ एमएमच्या आतलं, क्वचित १२ एमएमची सळई. वॅट किती बघावेत? दुकानात ६०० पासून १००० पर्यंत सगळे आकडे दिसतात. पॅडलचं बटन असलेलं, म्हणजे बोटं सैल केली की बंद पडणारं मशीन या बजेटमध्ये मिळतं का? आणि ऑनलाइन स्वस्तात दिसतंय ते घ्यावं की सांगलीतून? डिस्क, गॉगल सगळं धरून ३५०० बसवायचेत.

कुपवाड एमआयडीसीतून

सर, ४ इंचीच घ्या. दुकानात एजी-फोर म्हटलं की कळतं. १६ एमएम भोकाच्या ४ इंची डिस्क तासगावातच काय, खेड्यातल्या हार्डवेअरमध्येही मिळतात. १२ एमएमची सळई आरामात कापते. ५ इंचीला कापायची खोली जास्त मिळते, पण मशीन जड होतं आणि डिस्क महाग पडते. तुमच्या कामात त्याची गरज दिसत नाही.

एक मात्र कधीच करू नका: ४ इंचीचा गार्ड काढून त्यावर ५ इंची डिस्क. ५ इंचीचं भोक २२ एमएमचं, म्हणून लोक मध्ये वायसर घालून बसवतात. मी हे अनेक शॉपमध्ये बघितलंय. हिशेब सांगतो. १०० एमएमची डिस्क मिनिटाला १२००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिची कड सेकंदाला जवळपास ६३ मीटर धावते, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर. त्याच मशीनवर १२५ एमएमची लावली की हाच वेग ७८ मीटरच्या पुढं जातो. बहुतेक डिस्कची मर्यादा ८० मीटर असते. म्हणजे मर्यादेला टेकलेली डिस्क, मध्यावर नीट न बसलेली आणि मध्ये गार्ड नाही. फुटली तर तुकडा तोंडावरच येणार.

वॅट ६५० ते ८५० बघा. बॉश, डिवॉल्ट, मकिता यांपैकी ज्याचे सुटे भाग तुम्हाला जवळ मिळतील ते घ्या. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नाही, "याचे कार्बन आणि आर्मेचर तुमच्याकडं मिळतं का?" हा. (कार्बन म्हणजे मोटारीतले झिजणारे ब्रश, आर्मेचर म्हणजे तिचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग.) अगदी स्वस्तातली नाव नसलेली मशीन सुरुवातीला छान चालतात, पण आर्मेचर जळालं की भाग मिळत नाही आणि सगळं मशीन भंगारात जातं. ऑनलाइनला माझा विरोध नाही, पण मशीन हातात धरून बघितलेलं बरं. बटन अंगठ्याला सहज लागतं का, गार्ड पान्याशिवाय फिरतो का, हे फोटोत कळत नाही.

पॅडलवाली मिळतात, पण ४ इंचीत पर्याय कमी आणि किंमत थोडी वर. लाइट आल्यावर आपोआप सुरू न होणारी मशीनही असतात, ती तुमच्या बजेटबाहेर जातील.

मिरज, मोटार रिवाइंडिंग

सर, तुमचं मूळ दुखणं मशीनचं नाही, लाइटचं आहे, आणि त्याचं औषध तुमच्या विहिरीवरच लटकलंय. पंपाचा स्टार्टर आठवा. लाइट गेली की आतली कॉइल सुटते, आणि लाइट आली तरी हिरवं बटन दाबल्याशिवाय मोटार उठत नाही. तेच टेबलाला करून घ्या.

२३० व्होल्ट कॉइलचा एक छोटा कॉन्टॅक्टर (स्टार्टरमध्ये असतो तसा कॉइलनं ओढला जाणारा स्विच), एक हिरवं पुश बटन, एक लाल, आणि पुढं सॉकेट. हिरवं दाबलं की कॉन्टॅक्टर ओढतो आणि स्वतःच्या होल्डिंग कॉन्टॅक्टवर टिकून राहतो. लाइट गेली की सुटतो. मग ग्राइंडरचं बटन चालू राहिलं असलं तरी लाइट आल्यावर सॉकेटमध्ये करंटच येत नाही. ८५० वॅटचं मशीन ४ अँपिअरच्या आत घेतं, त्यामुळं ९ अँपिअरचा कॉन्टॅक्टर पुरतो. बॉक्समध्ये बसवून लाल बटन टेबलाच्या पुढच्या कडेला घ्या, गडबडीत मांडीनं ढकललं तरी बंद झालं पाहिजे. पंपाला लावतात तसला, लाइट आली की आपोआप चालू करणारा ऑटो स्विच मात्र इथं चुकूनही लावू नका, त्यानं सगळा उद्देशच जातो.

जोडणी माहितगार वायरमनकडून करून घ्या. त्याच बॉक्सच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, बसवा. मळ्यातली जमीन ओली, आणि कापलेल्या वायरवर पाय पडायला वेळ लागत नाही. लांब वायर ओढत असाल तर १.५ स्क्वेअर एमएमची घ्या, बारीक वायरवर व्होल्टेज पडतं आणि मशीन तापतं.

सांगली, विश्रामबाग

मी घरी लोखंडी कुंड्यांचे स्टँड बनवते, चार वर्षं ग्राइंडर वापरतेय. दादा, बेदाणा शेड म्हणालात म्हणून काळजी वाटली. शेडात गंधकाची पोती ठेवता का? ठिणग्या कितीतरी लांब उडतात. गंधकाची पूड पेट घेते, आणि शेडनेट तर प्लास्टिकच. माझ्या माहेरी शेडनेटला अशीच भोकं पडली होती, नशिबानं तेवढ्यावर भागलं. टेबल शेडाबाहेर घ्या, आणि काम झाल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. धुमसणारं आधी दिसत नाही.

गळ्यातला टॉवेल काढून ठेवायचा. विणलेले सैल हातमोजे नकोत, धागा अडकला की हात ओढला जातो. गॉगल बाजूनं बंद असलेला, ईएन १६६ छापलेला घ्या आणि त्यावर फेस शील्ड. नुसत्या शील्डच्या खालून कण आत येतो, मला एकदा डोळ्याच्या डॉक्टरकडं जावं लागलंय.

कापताना तुटणारा तुकडा मोकळा खाली पडेल असा अँगल धरा. दोन्ही बाजूंना आधार दिला की काप मिटतो, डिस्क चिमटते आणि मशीन उसळतं. आणि कटिंग व्हीलच्या बाजूनं कधी घासू नका. घासायला ६ एमएमचं डीसी व्हील (मध्ये खोलगट असलेली जाड डिस्क) किंवा फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्या लावलेली). खुरप्याला फ्लॅप डिस्कच चांगली, पण थांबत थांबत. पातं निळं पडलं की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा, मग धार टिकत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. गंधक शेडातच होतं, ताई. कालच पोती दुसऱ्या खोलीत हलवली आणि टेबल बाहेर चिंचेखाली घेतलं.

शनिवारी सांगलीला गणपती पेठेत जाऊन आलो. तीन मशीन हातात धरून बघितली. शेवटी ८५० वॅटचं ४ इंची घेतलं, साध्या सरकत्या बटनाचं. पॅडलवालं एक होतं, पण त्याची पकड जाड, माझी बोटं पूर्ण वळत नव्हती. आणि मिरजेच्या दादांच्या बॉक्समुळं पॅडलचा आग्रह उरला नाही. बॉक्सचा खर्च मात्र वेगळा झाला, त्यासाठी बजेट मोडलं.

डिस्क घेताना मधल्या पत्र्याच्या रिंगवरची तारीख बघितली. पहिल्या पुडक्यातल्या डिस्कची मुदत संपून गेलेली होती. दुकानदारानं न बोलता दुसरं पुडकं काढून दिलं.

काल बॉक्स बसवला. ग्राइंडरची डिस्क काढून ठेवली, बटन मुद्दाम चालूच ठेवलं, मेन बंद केला, पुन्हा चालू केला. मशीन गप्प. मुलीला लांबून दाखवलं. तिनं विचारलं, "आता ते पळणार नाही ना?"

एक शेवटचं विचारतो. पावसाळ्यात आमच्या शेडात फार दमट होतं. डिस्क कशा ठेवता?

कुपवाड एमआयडीसीतून

घट्ट झाकणाच्या डब्यात, आडव्या, एकावर एक, घरात कोरड्या जागी. ओल धरली की आतला राळेचा चिकटा कमजोर होतो. आणि खाली पडलेली डिस्क, तडा दिसो न दिसो, सरळ टाकून द्या. तीस-चाळीस रुपयांसाठी ठेवू नका. नवी डिस्क बसवली की गार्ड आपल्या बाजूला फिरवून मिनिटभर मोकळी चालवा, समोर कुणाला उभं करू नका, मगच लोखंडाला लावा.