शब्दचर्चा : 'एग्रीजियस' आणि त्याचा कळप

मंडळी, भाची सध्या जीआरईची, म्हणजे परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेची, तयारी करतेय. परवा तिने परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या निवेदनाचा कच्चा खर्डा माझ्यापुढे ठेवला. त्यात तिच्या सरांनी प्रकल्पाच्या काळात तिला 'एग्रीजियस' मार्गदर्शन केल्याचं लिहिलं होतं. मी तिथेच अडले आणि तिची शब्दांची वही मागून घेतली. दोनशे पानी वही, पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे निळ्या शाईत इंग्रजी शब्द आणि उजवीकडे काळ्या शाईत मराठी अर्थ. 'एग्रीजियस'समोर लिहिलं होतं, 'ठळक, असामान्य'.

हा अर्थ चूक म्हणावा तर तसा चूक नाही. पण आजच्या इंग्रजीत हा शब्द फक्त वाइटाच्या वाट्याला जातो. ढळढळीत चूक, उघडउघड अन्याय, डोळ्यांत भरणारा खोटेपणा, हे त्याचे सोबती. आपण 'घोर अपमान', 'घोर फसवणूक' म्हणतो, पण 'घोर मार्गदर्शन' म्हणत नाही, तसंच हे. ('घोर तपश्चर्या' आहे, हे मान्य. पण तिथेही त्या शब्दातला भयंकरपणा गेलेला नाही.) एवढं सांगितल्यावर तिने वाक्य खोडलं आणि विचारलं, "मावशी, पण मग असामान्य हा अर्थ आला कुठून?" हा प्रश्न मला फार आवडला, म्हणून हा धागा.

लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. 'एग्रेगियुस' म्हणजे कळपातून बाहेर उठून दिसणारा. मुळात ही शाबासकी होती आणि इटलीत ती अजून शाबूत आहे. तिथे औपचारिक पत्राच्या मायन्यात 'एग्रेज्यो' लिहितात, आपल्या 'सन्माननीय'सारखं. इंग्रजीतही सोळाव्या शतकात तो चांगल्या अर्थाने आला आणि मग बहुधा उपरोधाने वापरता वापरता उलटला.

आता या कळपातली बाकीची मंडळी बघा. 'ग्रेगेरियस' म्हणजे माणसांत रमणारा, ज्याला गोतावळा लागतो असा. 'काँग्रिगेशन' म्हणजे एकत्र जमलेला समुदाय, विशेषतः प्रार्थनेसाठी. 'सेग्रिगेट' म्हणजे कळपातून वेगळं काढणं. ओला आणि सुका कचरा 'सेग्रिगेट' करा म्हणतात, तोच हा. 'ॲग्रिगेट' म्हणजे सगळं एका कळपात आणून केलेली बेरीज. बारावीच्या निकालाच्या दिवशी घरोघरी विचारलं जातं ना, "ॲग्रिगेट किती?"

शाळेत संस्कृतच्या बाईंनी 'हृ' धातू शिकवला होता, आठवतो? प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार. धातू एक, उपसर्ग बदलला की अर्थ पार दुसरीकडे. इंग्रजीतल्या अवघड शब्दांपैकी बरेचसे लॅटिन-ग्रीकमधून असेच घडलेले आहेत. ज्याला 'हृ' कळला त्याला हे कळायला जड नाही, फक्त त्या नजरेने बघायला आपल्याला कोणी सांगत नाही.

माझा सगळ्यात आवडता धातू 'आनिमुस', म्हणजे मन, चित्त. आपल्या 'प्राण' आणि 'अनिल'मध्ये जो 'अन्', श्वास घेणं, त्याचाच हा दूरचा भाऊबंद. 'मॅग्नानिमस' म्हणजे मोठ्या मनाचा. 'मॅग्नुस' आणि 'महा' हेही एका कुळातले, त्यामुळे शब्दशः बघितलं तर आपला 'महात्मा'च. पण वापर तिथे जात नाही! हा शब्द विशेषकरून जिंकणाऱ्याला लावतात, ज्याच्या हातात सूड घेण्याची ताकद असूनही जो घेत नाही त्याला. रावण पडल्यावर वैर संपलं म्हणून बिभीषणाला भावाचे अंत्यसंस्कार करायला सांगणारा राम, हे माझ्या मते या शब्दाचं नेमकं उदाहरण. 'दिलदार' त्याच्या जवळ जातो, 'उदार' तेवढा नाही, कारण उदार म्हटलं की आधी पैसा डोळ्यांसमोर येतो. पुढे 'इक्वानिमिटी', म्हणजे समचित्त असणं. 'युनॅनिमस', एकमताने. 'प्युसिलॅनिमस', एवढ्याशा मनाचा, भेकड. आणि 'ॲनिमॉसिटी', मनात धरलेलं वैर.

तरी धातूवर विसंबून सगळीकडे निभत नाही. 'ओव्हरसाइट' घ्या. समिती करते ती देखरेख आणि तिच्याकडून होते ती नजरचूक, दोन्हींना हाच शब्द. 'सँक्शन'चं तसंच. कर्ज 'सँक्शन' झालं की पेढे वाटतात आणि एखाद्या देशावर 'सँक्शन्स' आल्या की बातमीत 'निर्बंध' छापून येतं. मुळात कायद्याला दिलेलं बळ असा अर्थ. त्यातून एकीकडे मान्यता आली, दुसरीकडे कायदा मोडणाऱ्याची शिक्षा. असे शब्द वाक्याशिवाय पाठ करणं म्हणजे निम्मा अर्थ वहीबाहेर ठेवणं.

'डिसइंटरेस्टेड'ला 'अनास्था' लिहिलेलं मी अनेक वह्यांमध्ये पाहिलंय. जपण्यासारखा अर्थ आहे 'ज्याचे हितसंबंध गुंतलेले नाहीत असा'. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' हवा, 'अनइंटरेस्टेड', म्हणजे रसच नसलेला, झाला तर पक्षकाराचं काही खरं नाही. आता इंग्रजी बोलणारेही दोन्हींची सरमिसळ करतात, पण परीक्षेत आणि लेखनात हा फरक पाळावा असं माझं ठाम मत आहे.

मग वही कशी करावी? मी भाचीला मधली रेघच काढून टाकायला सांगितली. एका पानावर एक धातू, त्याखाली त्याचे शब्द आणि प्रत्येक शब्दाचं एक वाचलेलं वाक्य, स्वतः रचलेलं नव्हे. वाचलेल्या वाक्यात शब्दाचे सोबती आपोआप येतात. शाळेतलं 'वाक्यात उपयोग करा' आपण शेवटी करतो, इथे ते सुरुवातीला हवं. जीआरईतसुद्धा ऑगस्ट २०११ पासून सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणं बंद झालंय. आता वाक्यातली गाळलेली जागा असते. एका प्रकारात तर सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे, की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. दोन रकान्यांची वही तिथे उपयोगी पडत नाही.

उलट्या बाजूने मराठीच कधीकधी नेमकी सापडते, तेव्हा फार आनंद होतो. 'पॉइन्यंट'च्या मुळाशी टोचणं आहे. कोशात 'हृदयस्पर्शी' मिळतं, पण आपला 'चटका लावणारा' त्याहून खरा, त्यात वेदना आहे. 'ऑब्सीक्वियस'ला 'अतिनम्र' कशाला, 'लाळघोट्या' आहे की!

एका शब्दापाशी मात्र मी भाषांतर करताना दरवेळी अडते, 'व्हल्नरेबल'. मुळात 'व्हुल्नुस' म्हणजे जखम, म्हणजे ज्याला जखम होऊ शकते असा. 'दुर्बल' म्हटलं तर माणूस कमी लेखला जातो. 'असुरक्षित' ही परिस्थिती झाली, स्वभाव नव्हे. 'हळवा'मध्ये धोका दिसत नाही. 'भेद्य' किल्ल्याला चालतं, आजारातून नुकत्याच उठलेल्या बाईला कसं लावणार? तुमच्या घरात, गावात, बोलीत अशा माणसासाठी काय म्हणतात?