रोपवाटिकेतील मदतनीसाचे काम: पावसाळ्याची तयारी कशी करावी?

प्रश्न: गोरेगावातील एका रोपवाटिकेत मी महिनाभरापासून मदतनीस आहे. पाणी घालणे, पिशव्या भरणे जमू लागले आहे. परंतु जूनमध्ये पाऊस लागल्यावर रोपे कशी सांभाळावीत, याची मला फार काळजी वाटते.

उत्तर १: ताई, मुंबईच्या पावसात रोपे बहुधा मुळांशी साचलेल्या पाण्यानेच मरतात, कारण मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी त्यांना कुजवते. म्हणून पिशव्यांची भोके आताच मोकळी करा आणि अडेनियम (जाड खोडाचे, कमी पाण्यावर जगणारे फुलझाड) व निवडुंग छपराखाली हलवा. मातीत बोट पेरभर खुपसून ओल पाहिल्याशिवाय पाणी घालू नका. पहिल्या वर्षी माझ्या हातून गेलेली जास्वंदीची रोपे मला आजही आठवतात.

उत्तर २: सहमत आहे. मात्र हवेत दमटपणा असल्याने याच दिवसांत छाट कलमांना, म्हणजे मातीत खोचलेल्या फांदीच्या तुकड्यांना, मुळे लवकर फुटतात. तेव्हा मालकांची परवानगी घेऊन मोगरा, जास्वंद, क्रोटन यांची कलमे स्वतः लावून पाहा.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. उद्या सकाळीच पिशव्यांची भोके तपासते.