मदत हवी आहे: कस्टम फील्डमधला शॉर्टकोड पानावर जसाच्या तसा छापला जातोय

गोदाकाठ (नाशिक):
नमस्कार मंडळी. दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यांतल्या मुक्कामांची वर्डप्रेस साइट करतोय. 'मुक्काम' हा वेगळा पोस्ट टाइप आहे आणि प्रत्येक मळ्याचं बुकिंग कॅलेंडर वेगळं. कॅलेंडर त्रयस्थ प्लगिनचं (साइटला जोडायचं तयार सॉफ्टवेअर). त्याचा शॉर्टकोड (चौकटी कंसातली छोटी खूण, जिच्या जागी कॅलेंडर यायला हवं) ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या प्लगिनच्या टेक्स्ट फील्डमध्ये ठेवलाय, पण टेम्पलेटमध्ये (पानाच्या साच्यात) फील्ड छापणारं 'द_फील्ड' हे फंक्शन वापरलं की चौकटी कंसासकट शॉर्टकोडच दिसतो. पोस्टच्या मजकुरात टाकला तर कॅलेंडर नीट येतं. फील्ड विझिविग (फॉरमॅटिंगच्या एडिटरवालं) करू का? द्राक्षांचा हंगाम तोंडावर आलाय, त्याआधी बुकिंग सुरू व्हायला हवं.

कोडकट्टा:
विझिविग करायची गरज नाही. त्यात शॉर्टकोड उलगडतो खरा, पण एका शॉर्टकोडसाठी टेक्स्ट फील्डही पुरतं.

टेक्स्ट फील्डच राहू द्या. 'गेट_फील्ड'ने मजकूर घ्या, रिकामा नाही ना ते तपासा, शॉर्टकोड उलगडणाऱ्या 'डू_शॉर्टकोड'ला द्या आणि जे परत येईल ते 'एको' करा (छापा). मध्ये 'ईएससी_एचटीएमएल' लावू नका, नाहीतर अवतरणचिन्हांचे एचटीएमएल कोड होतात आणि शॉर्टकोडमधला कॅलेंडरचा आयडी चुकतो. वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरणचिन्हंही तोच घोळ करतात. प्लगिनला आयडी सापडत नाही आणि जागा कोरी राहते.

गोदाकाठ:
धन्यवाद, शॉर्टकोड उलगडला! पण महिन्याचा तक्ता विस्कटलाय आणि तारखेवर क्लिक होत नाही.

कोडकट्टा:
प्लगिनचं सीएसएस (मांडणीची फाइल) आणि जावास्क्रिप्ट (क्लिक चालवणारी फाइल) लोड होत नाहीये. बरीच प्लगिन्स 'हॅज_शॉर्टकोड'ने फक्त पोस्टचा मुख्य मजकूर तपासतात. तुमचा शॉर्टकोड फील्डमध्ये, म्हणून त्यांच्या लेखी या पानावर कॅलेंडर नाहीच.

कॅलेंडर नीट चालतं त्या पानाचा सोर्स उघडा. लिंक आणि स्क्रिप्ट टॅगच्या आयडीत शेवटी '-सीएसएस' किंवा '-जेएस' असतं. ते वगळून उरतं ते हँडल, म्हणजे त्या फाइलचं वर्डप्रेसमधलं नाव. चाइल्ड थीमच्या (मूळ थीमवर आधारलेल्या तुमच्या थीमच्या) फंक्शन्स फाइलमध्ये, एन्क्यूच्या हुकवर प्रायॉरिटी 20 देऊन (म्हणजे प्लगिनच्या नंतर), पान 'मुक्काम'चं असेल तरच ती हँडल्स एन्क्यू करा, म्हणजे लोड करायच्या यादीत घाला. प्लगिन 'हॅज_शॉर्टकोड'च्या अटीच्या आतच हँडल रजिस्टर करत असेल तर मात्र काहीच होणार नाही, आणि एररही दिसणार नाही. मग शॉर्टकोड पोस्टच्या मजकुरातही टाका. तुमचं टेम्पलेट 'द_कंटेंट'ने पोस्टचा मजकूर छापत नसेल तर तो दोनदा दिसत नाही आणि प्लगिनची तपासणी पार पडते.

द्राक्षवेल:
एक सुचवते. मळेवाल्यांना लॉगिन देणार असाल तर फील्डमध्ये अख्खा शॉर्टकोड ठेवूच नका. नंबर फील्ड करा, त्यात फक्त कॅलेंडरचा आयडी. टेम्पलेटमध्ये 'ॲबसिंट' (फक्त पूर्णांक ठेवणारं फंक्शन) लावून शॉर्टकोड तिथेच जुळवा. म्हणजे त्या फील्डमधून कुणी भलताच शॉर्टकोड चालवू शकणार नाही आणि अवतरणचिन्हांची कटकटही जाईल. आयडीत छोटी इंग्रजी अक्षरं असतील तर टेक्स्ट फील्ड आणि 'सॅनिटाइझ_की' वापरा. तिथे 'ॲबसिंट' लावलं तर अक्षरं गळून आयडी बिघडतो.

गोदाकाठ:
हँडल्स एन्क्यू केली, तक्ता आणि क्लिक दोन्ही चालू झालं. आयडी आकडीच आहेत, आता नंबर फील्ड करून घेतो. दोघांचे मनापासून आभार.