‘आज्ञापालन’ आणि ‘ऐकणं’: देवाच्या बाबतीत दोन्ही एकच का?

संडे स्कूल शिक्षिका, सोलापूर

गेल्या रविवारी आठ-दहा वर्षांच्या मुलांना बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा १५ वा अध्याय शिकवत होते. शौल राजाला देवाने अमालेकी या शत्रू लोकांचं काहीही मागे ठेवू नकोस असं सांगितलं होतं. त्याने त्यांचा राजा अगाग जिवंत ठेवला, चांगली चांगली मेंढरंही राखली आणि वर म्हणाला, ही यज्ञासाठी आणलीत. (हा अध्याय मुलांसमोर सांगायला मला जड जातो. त्या आज्ञेतली कत्तल अजूनही मनात सलते. पण पाठ आला की टाळत नाही.) मी म्हटलं, “शौलाने आज्ञाभंग केला.” पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “टीचर, आज्ञाभंग म्हंजे?” मी शब्द शोधत होते, तेवढ्यात शेजारचा मुलगा म्हणाला, “अगं, त्यानं देवाचं ऐकलं नाही की!” सगळ्या वर्गाला लगेच कळलं.

घरी येऊन बायबल पुन्हा उघडलं. २२ वं वचन असं आहे: “यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, एडक्यांच्या वपेपेक्षा वचन ऐकणे बरे.” (वपा म्हणजे चरबी.) म्हणजे एकाच ओळीत आज्ञा पाळणेही आहे आणि ऐकणेही. त्याआधी संदेष्टा शमुवेल शौलाला काय विचारतो? मेंढरांचा हा आवाज माझ्या कानी कसा येतोय? सगळी गोष्टच कानाभोवती फिरते.

तर जाणकारांना प्रश्न. आपण मंडळीत (चर्चमध्ये) ‘आज्ञापालन’, ‘आज्ञाधारकपणा’, ‘आज्ञांकित’ हे शब्द वापरतो, घरात मात्र ‘ऐकणं’ म्हणतो. यात फक्त भारदस्त आणि साधं एवढाच फरक आहे, की अर्थही बदलतो?

निवृत्त पाळक

ताई, तुमच्या वर्गातला तो मुलगा मूळ भाषेच्या अगदी जवळ गेला. बायबलच्या इब्री भाषेत ‘आज्ञा पाळणे’ यासाठी बहुधा ऐकण्याचंच क्रियापद येतं. ‘शामा’ म्हणजे ऐकणे, आणि तेच पाळणे. “हे इस्राएला, श्रवण कर” (‘अनुवाद’ या पुस्तकातलं ६:४) यातलं ‘श्रवण कर’ हे त्याच क्रियापदाचं रूप. तुम्ही दिलेल्या वचनात मराठीत जिथे ‘आज्ञा पाळणे’ आहे, तिथेही इब्रीत ‘शामा’च आहे. पुढच्या ‘ऐकणे’च्या जागी मात्र कान देणे, लक्ष लावणे या अर्थाचं दुसरं क्रियापद आहे. ‘आज्ञा’ हा शब्द त्या ओळीत आपल्या भाषांतरकारांनी आणला. चूक केली असं मी म्हणणार नाही, पण तो मूळचा नाही.

नव्या करारात ग्रीक शब्द ‘हुपाकोए’. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘अकूओ’ म्हणजे मी ऐकतो. उलट शब्द ‘पाराकोए’, यात ‘पारा’ म्हणजे बाजूने. बाजूने ऐकणं! आपल्याकडे म्हणतात ना, ऐकून न ऐकल्यासारखं करणं, तेच. रोमकरांस पत्र ५:१९ मध्ये आदामाच्या कृत्याला प्रेषित पौलाने हाच शब्द वापरलाय. मराठीत तिथे ‘आज्ञाभंग’ छापलंय. भंग म्हटलं की काहीतरी फोडल्याचा आवाज येतो. ‘पाराकोए’ला आवाज नाही, नुसता कान वळवलेला असतो.

आणि मार्क ४:४१ पाहा: “वारा व समुद्रदेखील ह्याचे ऐकतात.” तिथेही ‘हुपाकोए’चंच क्रियापद आहे. वारा आज्ञाधारक आहे असं आपल्या भाषांतरकारांना लिहवलं नाही. तिथे त्यांनी घरचा शब्द घेतला, आणि ती ओळ किती जिवंत झाली!

व्याकरणाचा शिक्षक, होटगी रोड

धर्माबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, मी ख्रिस्ती नाही. व्याकरणाचं सांगतो. “गाणं ऐकलं”, “आईला ऐकलं” आणि “आईचं ऐकलं” ही तीन वाक्यं पाहा. पहिल्या दोन्हींत कानाचं काम झालं. तिसऱ्यात षष्ठी आली आणि अर्थ वागण्यावर गेला. “त्यानं आईचं ऐकलं नाही” म्हटल्यावर तो बहिरा होता असं कुणी समजत नाही. मराठीत आज्ञापालन ‘चं’ या एका प्रत्ययात मावतं. त्या प्रत्ययापुढे ‘म्हणणं’ किंवा ‘सांगणं’ अध्याहृत आहे, पण बोलणाऱ्याला ते आठवावं लागत नाही.

निवृत्त पाळक

सर, ग्रीकमध्येही व्यक्तीचं ऐकायचं तर षष्ठीच लागते. मत्तय १७:५, येशूचं रूप पालटलं त्या डोंगरावर ढगातून आलेली वाणी: “ह्याचे तुम्ही ऐका.” ग्रीकमध्ये षष्ठी, मराठीतही षष्ठी. या एका ठिकाणी मला आपल्या भाषेचा फार अभिमान वाटतो.

पूर्व भागातला वाचक

आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी. आजी अजून तेलुगू बायबल वाचते, त्यात शब्द आहे ‘विधेयता’, आणि उलट ‘अविधेयता’. कन्नड मंडळीतल्या मित्राकडेही तेच, ‘विधेयते’. मराठी शाळेत पहिल्यांदा ‘उद्देश्य आणि विधेय’ शिकवलं तेव्हा मला वाटलं, वाक्यातला हा भाग कुणाचं तरी ऐकतो म्हणून त्याला विधेय म्हणतात! पण ओरडताना आजी विधेयता वगैरे म्हणायची नाही. “माट विनवा?” म्हणायची, म्हणजे शब्द ऐकणार नाहीस? कन्नडमध्येही ‘मातु केळु’, मात्र ‘केळु’ म्हणजे ऐक आणि विचार, दोन्ही. सोलापूरच्या तिन्ही भाषांत पुस्तकातला शब्द संस्कृत आणि घरातला शब्द कानाचा.

चार पुतळ्यांजवळ राहणारा

मला ‘भंग’बद्दल बोलायचंय. आमच्या गावात १९३० साली मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. कायदेभंगाची चळवळ म्हटलं की सोलापूरकराची मान ताठ होते. मग देवळात ‘आज्ञाभंग’ म्हणजे पाप हे ऐकताना तुम्हा मंडळींना अडखळायला होत नाही का?

संडे स्कूल शिक्षिका

दादा, होतं. मी स्वतः अडखळलेय. लहानपणी मला वाटायचं, बायबल म्हणजे जो कोणी वर बसलाय त्याचं निमूट ऐकायला सांगणारं पुस्तक. मग प्रेषितांची कृत्ये ५:२९ वाचलं. यहुद्यांच्या न्यायसभेने येशूचा शिष्य पेत्र याला येशूच्या नावाने शिकवायची मनाई केली होती, तेव्हा तो आणि इतर प्रेषित म्हणाले, “आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.” म्हणजे देवाचं ऐकायचं म्हणून सभेचं ऐकलं नाही. पालन आणि भंग एकाच वाक्यात. कुणाचं, हे सांगितल्याशिवाय ‘आज्ञाधारक’ हा शब्द चांगला की वाईट ठरत नाही. म्हणून तो सुटा वापरला की मला भीती वाटते. ‘ऐकणं’ सुटं वापरताच येत नाही, षष्ठी लागतेच. सरांनी दाखवलेली ही गोष्ट मला आज पहिल्यांदा उमगली.

याच कारणाने आणखी एक. इफिसकरांस पत्रात मुलांना सांगितलंय, आईबापांच्या “आज्ञेत राहा”. बायकांना मात्र ‘अधीन’ हा शब्द आहे. ग्रीकमध्येही हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्याच्या आदल्याच वचनात सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन असावं असं लिहिलंय. तरी लग्नाच्या उपदेशात दोन्ही शब्द एकात एक कालवून नवरीला ‘आज्ञाधारक’ व्हायला सांगताना मी ऐकलंय. शब्द नीट वापरला नाही तर त्याचा भार कुणाच्या तरी आयुष्यावर पडतो.

निवृत्त पाळक

ताईंचं शेवटचं म्हणणं मला मान्य आहे. तरी ‘ऐकणं’ला एक धोका आहे. याकोब १:२२ सांगतो, वचनाप्रमाणे आचरण करा, केवळ ऐकणारे असू नका. मराठीत तो धोका ‘ऐकून घेणं’ या जोडीत आहे. “मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं,” याचा अर्थ बहुतेक वेळा काहीच केलं नाही असा होतो. आणि इब्रीकरांस पत्र ५:८ मध्ये प्रभू येशू दुःख सोसून ‘आज्ञाधारकपणा’ शिकला असं आहे. तिथे मला जड शब्दच हवा वाटतो. अटकेआधी गेथशेमाने बागेत येशूचं “तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे” म्हणणं ‘ऐकलं’ या शब्दात मावेल का, सांगता येत नाही. उपासनेत छापलेलंच वाचा, समजावताना तुमचा शब्द घ्या.

संडे स्कूल शिक्षिका

तसंच करीन, पाळकसाहेब. काल पाठाची तयारी करताना रोमकरांस ५:१९ घरच्या भाषेत लिहून पाहिलं: एकाने ऐकलं नाही म्हणून पुष्कळ जण पापी ठरले, आणि एकाने ऐकलं म्हणून पुष्कळ जण नीतिमान ठरतील. दोन्हीकडे षष्ठीची जागा रिकामी आहे हे तुम्ही सगळ्यांनी दाखवल्यावर दिसलं. ‘बापाचं’ घातलं.

आज वर्गात मत्तय २१ मधल्या दोन मुलांची गोष्ट होती. बाप म्हणतो, मळ्यात जा. एक ‘नाही’ म्हणतो आणि मग जातो, दुसरा ‘हो’ म्हणून जात नाही. विचारलं, बापाचं कुणी ऐकलं? त्याच मुलीने हात वर केला. “नाही म्हणाला त्यानं. पण त्याला ऐकू यायला वेळ लागला.”